सत्यभामाला दाखवलेला नकाशा

पैठण रोडला प्लॉट घेताना लोक सातबारा बघतात, एनए बघतात. मी भूकंपाचा नकाशाबी बघितला. गरजच तशी व्हती. आमची सत्यभामा किल्लारीकडची. त्र्याण्णवच्या भूकंपात तिची आई गेली, अन् चौऱ्याण्णवात ती लगीन होऊन माझ्याकडं आली. तवापासून घर बांधू म्हणलं की ही गप्प. मी वळखलं, स्लॅबची धास्ती. म्हणून सगळी नोकरी गारखेड्यात पत्र्याच्या खोलीत काढली. वर पत्रा, बाजूलाबी पत्रा. उन्हाळ्यात पार भाजून निघालो. आता रिटायर झालो, घर बांधायला काढलं, तर ही म्हणती, तुम्ही राहा तिथं, मी खोलीवरच बरी. आता या वयात मी एकटा राहू का काय?

पोरानं, प्रणयनं, मोबाइलवर नकाशा काढून दिला. आपलं संभाजीनगर कमी धोक्याच्या भागात. मी त्याची मोठी प्रिंट काढली अन् उठता-बसता तिला दाखवली. त्यात आपला प्लॉट हुडकून डोळे दुखले. अख्खा जिल्हा नखाएवढा, तिथं गट नंबर कुठून दिसणार. तरी मी पेनानं एक टिंब दिलंच. वर आणखी शहाणपण केलं. धोकाच नाय तर खर्च कशाला, म्हणून मिस्त्रीला सांगून टाकलं, दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना फिरणारा काँक्रीटचा पट्टा नको.

रविवारी प्लॉटवर फक्की मारून पायाची आखणी करायची व्हती. सत्यभामाला बळंच नेलं. इंजिनिअर प्रेरणा मॅडम आधीच येऊन थांबल्या व्हत्या. मी त्यांच्यापुढं नकाशा उलगडला. म्हणलं, "तुम्हीच सांगा हिला. माझं काय ऐकत नाय ही."

सत्यभामानं नकाशाकडं बघितलंबी नाय. मॅडमला म्हणली, "त्र्याण्णवच्या आधीच्या नकाशात किल्लारी कुठं व्हती?"

मॅडम म्हणाल्या, "कमी धोक्याच्याच भागात, मावशी."

माझं डोकंच चालंना. राग नकाशावर काढावा का मॅडमवर, तेबी कळंना. "मग हा कागद काय चाटायचा का?"

"काका, भूकंप येणारच नाही असं नकाशा म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "किती हादरा धरून बांधायचं, तेवढं सांगतो. जमीन कशी आहे ते आपल्यालाच खोदून बघावं लागतं. आणि धोका कमी असला तरी पट्टा घालायचाच, तोच चारी भिंतींना एकत्र बांधून धरतो. मी ड्रॉइंगमध्ये दिलाय. मिस्त्री म्हणतो, तुम्ही काढायला लावला."

झालं, पितळ उघडं पडलं. सत्यभामा माझ्याकडं वळली.

"अगं, तुला स्लॅबची भीती ना?" मी म्हणलं. "स्लॅबला लोखंड भरपूर टाकतोय."

"स्लॅबला कोण भ्यालंय? आमच्या गावात स्लॅब व्हता का? दगड-मातीच्या भिंती व्हत्या. आधी त्या उकलल्या. आई भिंतीखाली गावली."

तीस वर्षं मी हिला वळखतो म्हणत व्हतो, अन् हिला कशाची भीती तेच मला ठाऊक नव्हतं. लाजबी वाटली, अन् खरं सांगायचं तर तिचाच रागबी आला.

"मग एवढी वर्षं बोलली का नाय?"

"बोलले व्हते की. लगीन झालं त्याच साली. तुम्ही म्हणले, किल्लारी लई लांब हाय इथून."