बसून घ्यायचं औषध

मी एक बाक आहे. फणसाच्या लाकडाचा, चौघांना पुरेल एवढा. माणसं ऐसपैस असली तर तिघांना. डिचोलीच्या बाजारात गोकुळदासशेटच्या कापडाच्या दुकानात माझी बावीस वर्षं गेली. शेट उभ्या गिऱ्हाइकाला साडी दाखवत नसत. "आधी बस गो बाय," म्हणत. उभं माणूस दाराकडे बघतं, बसलेलं मनातलं बोलतं, ही त्यांची विद्या. माणसांच्या बुडाखाली राहून मीही ती शिकलो.

दुकानात फिरत्या खुर्च्या आल्या तेव्हा शेटनी मला माजी सैनिकांच्या दवाखान्याला देऊन टाकलं. तिथे औषधं देण्याच्या खिडकीशेजारी, आमच्याकडे जनेल म्हणतात, माझी जागा. पण बसतो कोण? फौजेतली माणसं, म्हातारपणीही रांगेत ताठ. आतून गुरुदासबाब पुडे सरकवत, "सकाळी एक, रात्री एक. पुढचा!" तेही निवृत्त हवालदार. तीस वर्षं औषधं दिली, एक गोळी इकडची तिकडे नाही.

गेल्या वर्षी वरून नवीन काम आलं. औषध नुसतं द्यायचं नाही. माणसाला बसवायचं, त्याच्या सगळ्या गोळ्या बघायच्या, कुठली कशासाठी, कधीपर्यंत ते विचारायचं, चूक दिसली तर डॉक्टरांना कळवायची. तिथली तरुण फार्मासिस्ट अश्विनी हरखली. गुरुदासबाब नाही.

"अगो, बघायला डॉक्टर आहेत. आपण कोण?"

"आपण मधले, गुरुदासबाब."

"मधल्यालाच दोन्हीकडून मार बसतो."

डॉक्टर म्हणाले, महिनाभर करून बघा. दोघांपैकी एकजण जरी तयार नसेल तर बंद करू. जनेल आणि बाक, दोन्ही एकटीला जमणार नव्हतं. अश्विनीचा चेहरा उतरला.

गुरुदासबाब आळशी नव्हते हो. एकदा डबा खाताना तिला म्हणाले, "माझ्या सांगण्यात चूक झाली आणि कोणाचं बरंवाईट झालं तर?" भीती होती ती. भीतीला आळस म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत.

महिना संपायला तीन दिवस होते. हरमलचे मधुकर आले, निवृत्त नाईक. पाय सुजलेले, उभं राहवेना, म्हणून माझ्यावर टेकले. अश्विनीने त्यांची पिशवी तपासली. गुडघेदुखीच्या गोळ्या निघाल्या. पाच दिवसांसाठी दिलेल्या, आठ महिने चालू! संपल्या की जुनी चिठ्ठी दाखवून बाहेरून आणायच्या.

"काका, अजून दुखतं?"

"छे, केव्हाच थांबलं."

"मग गोळी का घेता?"

"बंद कर म्हणून कोण बोललंय?"

"मी सांगते ना, बंद करा."

"तू?" मधुकर हसले. "तू काय साहेब आहेस?"

आत गुरुदासबाबांचा हात पुड्यावरच थांबला. पहाऱ्यावरचा शिपाई बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडत नाही, शत्रू असो वा नसो. हे त्या पोरीला कुठून कळणार! जनेल लावून ते बाहेर आले, चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे गेले, लेखी आदेश घेऊन परतले आणि मधुकरांच्या शेजारी बसले.

"नाईक मधुकर, ही गोळी आजपासून ड्युटीवरून उतरली. वाच."

मधुकरांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "मग मी मोकळा?"

"गोळीतून. रक्त तपासल्याशिवाय घरी जायचं नाही."

त्या गोळ्यांनी मूत्रपिंडाला थोडी इजा झाली होती, पण वेळेत कळली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना विचारलं. गुरुदासबाब म्हणाले, "तयार. पण अश्विनीने मला शिकवायला हवं. आणि माझ्यावर ओरडायचं नाही."

आता माझा एक पाय डुगडुगतो, खाली पुठ्ठ्याची घडी आहे. तरी दिवसभर रिकामा नसतो. माझं एवढंच मागणं: घरात एखादी गोळी का चालू आहे हे कोणालाच आठवत नसेल, तर ती आपल्या मनाने टाकू नका, गिळतही राहू नका. घेऊन या, विचारा.

काल मधुकरांच्या यशोदाबाय आल्या. नवरा रक्त तपासायला आत गेल्यावर त्यांनी कमरेच्या चंचीतून झोपेच्या गोळ्यांची डबी काढली. "ह्यांना सांगू नका," म्हणाल्या, आणि उभ्याच राहिल्या.

माझ्यावर बसलेले गुरुदासबाब सरकले, आणि यशोदाबायपुरती जागा झाली.