काय हवंय तिला

चित्रपट मूळचा जपानी. दिग्दर्शकाने तो कॉलेजात असताना पाहिला होता आणि पुढे आठवडाभर दिवा लावून झोपला होता. आता तोच आपल्या भाषेत नव्याने करायला मिळाल्यावर त्याने एकच हट्ट धरला: भुताला कारण द्यायचं नाही. भाड्याच्या घरात एक बाई दिसते. ओले केस, पाठमोरी. ती कोण, कशाने मेली, काही सांगायचं नाही. जो त्या घरात पाऊल टाकेल तो तिच्या रागाच्या तावडीत सापडेल, बस.

संकलन जिच्याकडे होतं तिला सगळे ताई म्हणत. वीस वर्षं तिने लोकांचे सिनेमे कापून-जोडून उभे केले होते. पहिली कच्ची प्रत तयार झाली तेव्हा रविवारी दुपारी चाळीस माणसं बोलावून ती दाखवायचं ठरलं. ताईने वडिलांनाही नेलं. ते निवृत्त घड्याळजी. आई गेल्यापासून आठ महिने दाराबाहेर पडायचं नाव काढत नव्हते. "भुताचा आहे, बाबा," म्हटल्यावर मात्र शर्टाला इस्त्री करून बसले. लहानपणी भुताच्या गोष्टी सांगून तिला झोपवणारे तेच.

सिनेमाच्या मध्यावर भाडेकरू मुलगी स्वयंपाकघरात येते आणि ओट्यापाशी ती बाई उभी असते. भिंतीकडे तोंड करून, अजिबात न हलता. इथे लोकांच्या अंगावर काटा यायला हवा होता. थिएटरात शांतता होती, आणि त्या शांततेत ताईचे वडील हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, तिला विचार तरी काय हवंय."

"तेच तर," मागून एक बाई म्हणाली.

"लेकरू असणार हिचं कुठेतरी," दुसरीने भर घातली. मग जो तो सल्ला देऊ लागला.

दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला. खेळानंतर भरून घेतलेल्या कागदांवर प्रश्न होता: भीती वाटली का? निम्म्याहून जास्त लोकांनी लिहिलं होतं, वाईट वाटलं.

"भूत आहे ते, पाहुणी नाही," तो बाहेर येऊन म्हणाला. "चहा-पाणी विचारायचं का तिला?"

"आपण ऐकलेल्या गोष्टींत विचारतातच की," ताई म्हणाली. "काहीतरी राहिलेलं असतं म्हणून ती येते. कोणीतरी धीर करून विचारतं, ती सांगते, राहिलेलं पुरं होतं, ती जाते. लोक त्या प्रश्नाची वाट बघत बसले होते. तुझ्या त्या जपानी सिनेमात राग जागेलाच चिकटलाय. तिथे विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही."

"म्हणजे शेवटी समजूत घालून तिची बोळवण करायची? मग उरलं काय त्यात?"

ताई वडिलांना घेऊन घरी निघाली.

घरी आल्यावर वडिलांनी चहा टाकला. तिने सहज विचारलं, "बाबा, एवढ्या लोकांत कसं काय बोललात?"

त्यांनी चहा ओतून कप हातात घेतला. "तुझी आई अशीच उभी राहायची. शेवटच्या वर्षात. ओटा धरून, पाठ करून. मला वाटायचं, रागावलीय. मी आपला बाहेर पेपर घेऊन बसायचो, निवळेल आपोआप म्हणून." त्यांनी कप खाली ठेवला. "राग नव्हता गं तो. दुखत होतं तिला. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं."

ताई त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "मला फोनवर म्हणायची, सगळं ठीक आहे. मीही पुढचं विचारलं नाही, बाबा."

आठ महिन्यांत दोघं पहिल्यांदाच आईबद्दल बोलत होते. चहा गार झाला. तिने तो पुन्हा गरम केला.

दुसऱ्या दिवशी ती टाकून दिलेलं चित्रीकरण चाळत बसली. एका तुकड्यात भूत झालेल्या नटीची मान आखडली होती. "कट" म्हटल्यावरही ती तशीच उभी राहिली, तेव्हा मुलीचं काम करणारी नटी काळजीने म्हणाली, "काय होतंय तुला?" त्या आवाजात अभिनय नव्हता. ताईने तेवढाच तुकडा उचलून स्वयंपाकघरातल्या त्या प्रसंगात जोडला. पुढचं सगळं होतं तसंच ठेवलं.

दिग्दर्शक हाताची घडी घालून बघत होता. मुलगी विचारते. बाई काही बोलत नाही. अकरा सेकंद काहीच होत नाही. मग ती वळते.

त्याने बाही वर करून हात दाखवला. काटा आला होता. "विचारूनही बोलली नाही," तो म्हणाला. "आता हिची बोळवण करायला वाटच राहिली नाही."

पुढच्या रविवारी नव्या माणसांसमोर खेळ झाला. त्या अकरा सेकंदांत कोणी सल्ला दिला नाही. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईने नवऱ्याचा दंड धरला, तो सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही. वडिलांनी ताईचा हात हातात घेतला होता.

"उत्तर नाही दिलं तिने," बाहेर उन्हात आल्यावर ते म्हणाले.

"नाही."

"तुझ्या आईनेही दिलं नसतं कदाचित. काही नाही, जरा थकलेय, म्हणाली असती."

"म्हणालीच असती."

बसस्टॉपवर ते कठड्यावर टेकले आणि आई नवीन नवीन घरात आली तेव्हा दूध कसं रोज उतू जाऊ द्यायची ते सांगू लागले. मध्येच स्वतःच हसले. बस आली. ताईने हात केला नाही. मग दुसरी आली, तीही गेली.