तीन देश, एक माळा

धुण्याच्या पावडरीची जाहिरात होती, तीन देशांसाठी तीन. शर्टावरचा डाग तोच, पण आई, लेक आणि पुडा प्रत्येक देशाचा वेगळा. कंपनीने दोन जाहिरातींच्या पैशांत तीन मागितल्या होत्या आणि निर्मिती सांभाळणाऱ्या बाईंनी हो म्हटलं होतं. त्यांना सगळे पाठीमागे ‘कात्री’ म्हणत.

कात्रीने सेट एकच उभारला, भिंतींना पुढून-मागून वेगळे रंग दिले, स्टुडिओ एकाच दिवसाचा घेतला. तरी तोंडमिळवणी होईना. शेवटी छताखालच्या फळ्यांच्या माळ्यावर दिवे सांभाळणाऱ्या दोघांपैकी एकाचं नाव तिने खोडलं. उरला तिचा सख्खा भाऊ.

“दादा, एक दिवस निभावून ने ना.”

“बरं,” तो म्हणाला. तो तिला नाही म्हणत नसे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पाच वाजेपर्यंत दोन देश उरकले. सात वाजता स्टुडिओ सोडायचा होता. तिसऱ्या आईची आणि तिच्या सहा वर्षांच्या लेकीची जागा ठरेपर्यंत सव्वासहा झाले. आता मोठा दिवा माळ्याच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा होता. जाहिरात संस्थेचे साहेब मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत येरझारा घालत होते.

“मुलीला बसूनच राहू दे. उठली की पुन्हा जागा धरण्यात दहा मिनिटं जातील.”

कात्रीने मान डोलावली आणि सहज वर पाहिलं. दादा फळीवर गुडघे टेकून होता. दिवा दांडीला अडकवलेला होता, पण खिट्टी नीट बसली नव्हती आणि सुरक्षेची साखळी मोकळी लोंबत होती. दोन्ही हातांनी त्याने दिवा धरला होता. साखळी लावायला तिसरा हात नव्हता. पकड सुटेल म्हणून तो ओरडतही नव्हता, दात आवळून बसला होता. दिव्याच्या बरोबर खाली ती पोर पुड्याशी खेळत होती.

कात्री सेटकडे धावली.

“सगळे बाहेर! मुलीला उचला आधी!”

“काय चाललंय? पाऊण तास उरलाय!” साहेब तिच्या आडवे आले.

“बाजूला व्हा.”

तिने चपला भिरकावल्या आणि शिडी धरली. माळ्यावर चढून तिला बारा वर्षं झाली होती. फळी वाकली, तशी ती जीव मुठीत धरून पुढे सरकली. खाली पाहायचं नाही, एवढंच ती मनाशी घोकत राहिली. ओढणी हाताला गुंडाळून तिने दिव्याला खालून आधार दिला.

“सोड, दादा.”

“तुला पेलायचा नाही.”

“सोड म्हणते ना!”

त्याने एक हात काढला. साखळी दोनदा निसटली, तिसऱ्यांदा कडीत बसली. मग दोघंही फळीवर बसून धापा टाकत राहिली. दादाचा उजवा तळवा लालबुंद भाजला होता.

खाली आल्यावर तिने स्वतःच कंपनीला फोन लावला. “तिसरी जाहिरात आज होणार नाही. वर दोन माणसं लागतात, मी एकच ठेवला होता. चूक माझी आहे.”

पलीकडच्यांनी आपसात हिशेब केला. मग निर्णय आला: तिसऱ्या देशाला दुसऱ्या देशाचीच आई दाखवायची, वरून फक्त त्यांच्या भाषेतला आवाज चढवायचा. तिसरी आई निमूटपणे मेकअप पुसायला गेली. लेकीला मात्र पुडा सोडवेना.

कंपनीचं पुढचं काम दुसऱ्यांकडे जाणार, हे साहेबांनी निघताना ऐकवलंच.

गाडीत दादा खिडकीकडे तोंड करून बसला. कात्रीने मलमाची ट्यूब उघडली. त्याने हात मागे घेतला.

“तुला ठाऊक होतं, मी नाही म्हणणार नाही.”

“हो.”

“मुलगी खाली बसलीय, हे मला दिसत होतं गं.”

तिने ट्यूब तशीच उघडी धरून ठेवली. दोन चौक गेल्यावर त्याने न बघताच तळवा पुढे केला. तिने मलम लावायला घेतलं.