शटरवरच्या आठ रेघा

मुलांनो, डोळ्यांपुढे एक फार मोठं गणित आणा. इतकं मोठं, की एका माणसाला जन्म पुरायचा नाही. म्हणून त्याचे हजारो तुकडे केले आणि गावोगावच्या लोकांच्या फोनांना एकेक सोडवायला दिला. आता त्यातला एकच फोन बघा. देगलूरला, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या सरदारचाचांच्या दुकानात, माठाजवळ उपड्या ताटलीवर तो चार्जिंगला लावलाय. चाचा त्याला पुठ्ठ्यानं वारा घालताहेत.

"सरदारभाई, फोनला वारा घालायलाव, गिऱ्हाइकाला पाणी तरी विचारा की!" सिंधुमावशींनी आपलं मशीन टेकवलं.

"त्यो काम करायलाय, सिंधुताई. टीबीचं नवं औषध शोधायच्या गणिताचं."

"आन् तुमी?"

"मी वारा घालायलोय."

मावशी हसतहसत गेल्या. शेजारच्या दुकानातली, सातवीतली ऋतुजा मात्र हसली नाही. ताटलीवरच्या फोनवर वाकून तिनं काहीतरी वाचलं आणि ती तशीच उभी राहिली.

हे सगळं तिनंच सुरू केलं होतं. चाचांची बायको, रईसाचाची, टीबीनं गेल्या, त्याला दोन वर्षं झाली. शाळेत सरांनी या गणिताची गोष्ट सांगितली, ती तिनं चाचांना सांगितली. चाचा लगेच म्हणाले, "लाव माझ्या फोनला." मग शाळेच्या संगणक खोलीतल्या वायफायवर तिनं आठ तुकडे उतरवून घेतले. चाचांचा डेटा रोजचा दीड जीबी. हैदराबादच्या लेकीशी, जेबाशी, ते त्यातच व्हिडिओवर बोलायचे. तो खर्च होऊ नये म्हणून ऋतुजानं एका चौकोनात खूण केली: फक्त वायफायवर.

मग सुट्टी लागली. शाळेला कुलूप.

एकेक तुकडा सुटला की चाचा दुकानाच्या कायम बंद असलेल्या दुसऱ्या शटरच्या आतल्या बाजूला खडूनं रेघ ओढत. फोन तापू नये म्हणून जेबाशी बोलणंही त्यांनी आखडतं घेतलं होतं. आज आठवी रेघ झाली होती.

"चाचा," ऋतुजा म्हणाली, "यातलं एकबी गेलं न्हाई."

"कुठं गेलं न्हाई?"

"पुढं. सुटलेलं समदं फोनमधीच पडून हाय. मीच तशी खूण केली होती. तुमचा डेटा वाचावा म्हणून." तिचा आवाज बारीक झाला. "सात तुकड्यांची तारीख उलटली. आता गणित देणारे ते घेत न्हाईत. आठव्याला आज सहापर्यंत वेळ हाय."

चाचांचा पुठ्ठा थांबला. "केवढं असतंय गं ते, पाठवायचं?"

"एका फोटोएवढं."

"एवढुसंच?"

ऋतुजाला मान वर करवेना. चाचा शटरकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "त्या सात तुकड्यांचं काय झालं मग?"

"दुसऱ्या कुणाला तरी दिले असतील सोडवायला."

"म्हंजे काम अडलं न्हाई."

"न्हाई."

"मग झालं तर." ते उठून सिंधुमावशींच्या मशीनपाशी बसले. पेचकस हातात घेतला, पण बराच वेळ एकही स्क्रू फिरवला नाही. "रईसाला म्या रोज मनातल्या मनात सांगायचो," मशीनकडे बघतच ते म्हणाले, "आज एक झालं म्हणून."

ऋतुजानं चौकोनातली खूण काढली. उत्तर पाठवल्याची पट्टी फोनवर हलली. चौदा टक्क्यांवर थांबली. दुकानात नेटवर्क कायम असंच. फोन घेऊन ती रस्त्यावर गेली, हात उंच करून उभी राहिली. एसटी धूळ उडवत गेली, तरी तिनं हात खाली घेतला नाही. सहाला दहा मिनिटं असताना पट्टी भरली आणि नाहीशी झाली.

"गेलं, चाचा."

चाचा उठले. मशीन पुसायचं फडकं माठाच्या पाण्यात भिजवून, पिळून त्यांनी तिच्यापुढे धरलं. त्यांची नजर शटरवरच्या रेघांकडे होती.

ऋतुजानं फडकं घेतलं. पहिल्या रेघेपासून एकेक करत तिनं सात रेघा पुसल्या. आठवीपाशी ती थांबली, फडक्याची घडी घातली आणि ती रेघ तशीच राहू दिली.