व्हर्नरचा हसरा तुकडा

मी मुका सिनेमा बोलतोय. हसा, हसा. जन्मभर तोंडातून शब्द निघाला नाही अन् म्हातारपणी बडबड सुटलीय.

गोष्ट माझी साधी. बेसबॉल खेळणारा एक पोरगा, टीमच्या मालकाची पोरगी दिसली की हातातला चेंडू सोडायचा. शेवटी लग्न. चुंबनाच्या जागी मी मुद्दाम अडकायचो. लोक अंधारात शिव्या घालायचे, मला गुदगुल्या व्हायच्या.

फिरत फिरत अमेरिकेत आयोवातल्या एका गावात पोचलो. पुढं न्यायला कुणी आलंच नाही, तिथंच राहिलो. मला पडद्यावर दाखवायचं मशीन हातानं फिरवायचा क्लेम पर्डी. तोंडात सदा तंबाखू, माणूस मऊ.

दर शनिवारी दुपारी टिल्डा हॅगस्ट्रम यायची. पहिल्या रांगेत बसायची, हसायची नाही. तिचा पोरगा व्हर्नर माझ्यात होता. मैदानात पळायला शूटिंगवाल्यांनी याच गावची पोरं घेतलेली. व्हर्नर चेंडूमागं धावतो, केकच्या टेबलावर आपटतो, तोंडभर क्रीम, टोपी काढून हसतो. झालं. शूटिंग झालं त्याच वर्षी हिवाळ्यात फ्लूनं गेला. घरात फोटो एकही नाही.

"क्लेम," ती म्हणाली, "फार लवकर जातो रे तो. जरा थांबव की."

"टिल्डाबाई, पोरगं तुमचंच पळपुटं, मी काय करू?"

"हाक मारली की थांबायचा."

मला मशीनच्या तापल्या दिव्यापुढं उभं करायचं नसतं, पेट घेतो मी. मशीनवाल्याला हे झोपेतही ठाऊक. तरी पुढच्या शनिवारी त्यानं हात थांबवला.

व्हर्नर पडद्यावर उभा राहिला. टिल्डा उठून पुढं गेली. "दात बघ, तुटकाच अजून," ती त्याला म्हणाली.

तेवढ्यात गालावर तपकिरी डाग उठला, पसरला, अन् पडदा पांढरा. क्लेमनं मला फाडून ओढलं, बुटाखाली चिरडलं, तेव्हा आग विझली.

भाजलेला हात घेऊन तो खाली आला. "टिल्डाबाई, मी..."

"तू कुठं," ती म्हणाली. "मीच म्हणाले थांबव."

हसरा तुकडा जळाला, क्लेमनं उरलेली टोकं जोडली; आता व्हर्नर केकमधनं उठतो तो पाठ फिरवूनच. टिल्डा एकदा येऊन तेवढी पाठ बघून गेली. परत आली नाही.

आज गंजक्या डब्यात चिकटून पडलोय. माझ्यातनं चांदी निघते म्हणे, वितळवायला नेणारेत. त्याआधी कुणी एकदा लावलंत, अन् अंधारातनं कुणाची आई म्हणाली थांबव जरा, तर ऐकू नका. पळू द्या पोराला.