पायडल फिरेल तोवर कूलर

त्या वर्षी नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. पुंडलिकनगरातल्या आमच्या इमारतीसमोर नवी सात मजली इमारत उठत होती आणि तिच्या फलकावर पोहण्याचा तलाव रंगवला होता. तो निळाशार तलाव बघून माझं डोकं रोज फिरायचं.

अशात आमच्या सोसायटीनं ठराव केला: पाणी वाचवायला कूलर बंद. मांडणारे अध्यक्ष काकासाहेब, सोयगावकडचे निवृत्त ग्रामसेवक. ठराव केल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

मी दीपमाला, गणिताची शिक्षिका. मला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. मेंदूचे निरोप पायांपर्यंत धड पोचत नाहीत, आणि उकाड्यात तर मुळीच नाहीत. घरातच व्यायामाची सायकल मारा, रोज वीस मिनिटं, पण गार हवेत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जूनमध्ये शाळा उघडली की मला फळ्यासमोर उभं राहायचं होतं. कूलर नाही तर सायकल नाही, सायकल नाही तर शाळा नाही.

मीटिंगमध्ये हे सांगितलं तर काकासाहेब म्हणाले, "सायकल मारता अन् आजारी म्हंता व्हय? आजारी मानूस पडून ऱ्हातो."

"पडून राहिले तर कायमची पडेन," मी म्हटलं. "घरी येऊन बघा."

ते आले, शेजारच्या मनकर्णाबाईंना साक्षीदार म्हणून घेऊन. कूलर बंद ठेवून मी सायकल सुरू केली. सातव्या मिनिटाला डावा पाय पायडलवरून घसरला आणि मला दोन काकासाहेब दिसू लागले. एक होते तेच जास्त होते.

त्यांनी तिथंच वहीत लिहिलं: 'पायडल फिरेल तोवरच दीपमालाबाईंचा कूलर चालेल.'

दुसऱ्या दिवशी चार वाजता मनकर्णाबाई माझी तब्येत बघायला आल्या आणि कूलरसमोर बसल्या. आठवड्याभरात अर्धी इमारत माझी तब्येत बघायला येऊ लागली, आणि ठराव पाळला जातोय का ते बघायला काकासाहेबही. लसूण सोलणं तिथंच, डुलक्याही तिथंच. वीस मिनिटं संपत आली की मनकर्णाबाई म्हणायच्या, "अजून पाच मिन्टं मार की गं पोरी, लई गार वाटतंय!" मला संताप यायचा. पण दांडी मारायची सोय उरली नाही, आणि मे संपता संपता मी भिंत न धरता दार उघडायला लागले.

मग एक दिवस औषधं आणायला गेले आणि क्रांती चौकात रिक्षा बंद पडली. भर उन्हात तासभर उभी. घरी आणलं तेव्हा दोन्ही पाय लाकूड झाले होते. चारला मंडळी जमली.

"आज सायकल नाही. जा सगळे!" मी पलंगावरून ओरडले. खरं तर मी घाबरले होते. शाळा पंधरा दिवसांवर आली होती आणि पाय हलत नव्हते.

कुणी उठलं नाही. मनकर्णाबाई म्हणाल्या, "पोरगी पार तापलीय. लावा की कूलर."

सगळे काकासाहेबांकडे बघू लागले.

"पायडल फिरल्याबिगर नाय," ते म्हणाले. "ठराव हाय."

माझ्या तोंडात शिवी आली होती. तेवढ्यात काकासाहेबांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली, लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि सत्तराव्या वर्षी सायकलवर चढले.

"कुनी फिरवायचं ते ठरावात लिवलेलं नाय," ते म्हणाले. "तोंड तिच्याकडं वळवा त्या कूलरचं."

दहा मिनिटांत ते घामानं निथळले, पण उतरेनात. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. अर्ध्या तासानं माझ्या डाव्या पायाचा अंगठा जरासा हलला. माझ्याआधी मनकर्णाबाईंनी पाहिलं.

"हलला, हलला!" त्या किंचाळल्या. "काकासाहेब, थांबू नका!"