रिंगणातल्या आठजणी

माझी बायको गेली त्याला आता सात महिने होतील. घरात तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण हलती-चालती ती कुठेच नाही. मोबाइल कायम तिच्याच हातात असायचा. त्यामुळे लेकीचं लग्न, नातीचे वाढदिवस, सगळ्या चित्रीकरणात आम्ही आहोत आणि ती नाही. ती वळायची कशी, उठायची कशी, हे मला अलीकडे नीट आठवेनासं झालं होतं. त्याची भीती वाटायला लागली.

ती हलताना दिसेल अशी एकच जागा मला माहीत होती. लग्नाआधी तिनं एका सिनेमात काम केलं होतं. बायकांना पकडून रिंगणात आणतात आणि एकमेकींशी मरेपर्यंत लढायला लावतात, असा तो सिनेमा. लढाई कमी आणि उघड्या मांड्या जास्त. ती तेव्हा लॉन्ड्रीत ओल्या चादरी पिळायची. दंड भरलेले होते, म्हणून तिला घेतली. मी पत्र्याचं काम करायचो. तलवारी, ढाली, डोक्यावरचे टोप, सगळं माझ्या हातचं. ढाली म्हणजे पातेल्यांची झाकणं, मागून पट्टा मारलेली. तिथेच आमचं जमलं. पुढे तिनं त्या सिनेमाचा विषय कधी काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही.

गेल्या रविवारी दुपारी जावयांनी तो शोधून काढला. मीच महिनाभर त्यांच्या मागे लागलो होतो. लेक म्हणाली की आईनं जन्मभर झाकलं ते तुम्ही आता घरात लावताय, आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली. भांडी सकाळीच घासलेली होती.

जावई बिचारे माझ्या शेजारी बसले. पहिल्याच मिनिटाला अर्ध्या कपड्यांतल्या बायका आल्या, तसे ते पंख्याकडे बघायला लागले. सासऱ्यासोबत असलं बघायची वेळ कुणावर येऊ नये.

"बाबा, आवाज बंद करू का?"

"करा. तसेही आवाज दुसऱ्याच बायकांचे आहेत."

राजा झाला होता तो सिनेमा काढणाऱ्याचा मेहुणा. त्यामुळे तो काही मरत नव्हता.

मी टोप बघत होतो. तिचा लाल तुऱ्याचा. फरशी घासायच्या ब्रशचे केस रंगवून मीच लावले होते. टोपाचा पत्रा नाकापर्यंत यायचा, त्यामुळे चेहरा दिसत नाही. लाल तुरा आला तसा मी खुर्चीत पुढे सरकलो. पण ती बाई उंच निघाली, आणि चालत होती बदकासारखी. मग आठवलं. बायका आठच होत्या आणि मारायच्या होत्या तिसेक. एक मेली की टोप उतरवायचा, दुसरा घालायचा, आणि पुन्हा रिंगणात. कुणाच्या डोक्यावर कोणता, हे कुणी बघत नव्हतं. टोप बनवणारा मी, आणि मीच त्यांच्या भरवशावर बसलो होतो.

तासभर गेला. जावई मधूनमधून बोट दाखवून विचारायचे, ह्या का? मी नाही म्हणायचो. मग वाटायचं, असेलही. अडतीस वर्षं एका घरात काढली आणि आठजणींत मला माझी बायको ओळखता येत नव्हती. मी चष्मा पुसला.

मग एक मोठी मारामारी झाली. रिंगण म्हणजे बंद पडलेली दगडाची खाण. तिथल्या वाळूत सहाजणी मरून पडल्या आणि राजा त्यांच्यामधून हसत चालत गेला. त्याच्या मागे, पडद्याच्या कोपऱ्यात, एका मेलेल्या बाईचा हात हलला. शेजारी मेलेलीचा तोकडा झगा पार वर गेला होता. त्या हातानं तो चिमटीत धरला, येईल तेवढा खाली ओढला, वरून दोनदा थोपटला, आणि पुन्हा वाळूत मरून पडला.

"थांबवा," मी म्हणालो.

आमच्या दिग्दर्शकाला सगळे घाईवाला म्हणायचे. त्यानं एकही दृश्य दुसऱ्यांदा घेतलं नाही. म्हणून तो हात राहिला.

जावयांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. चार वेळा बघितलं. स्वयंपाकघरातला नळ कधी बंद झाला ते कळलं नाही. लेक ओल्या हातांनी दारात उभी होती.

"आई आहे," ती म्हणाली. "बसमध्ये माझा फ्रॉक असाच ओढायची. वर दोन थापट्या. मला इतका राग यायचा ना, बाबा."

ती येऊन खाली बसली, माझ्या गुडघ्याला टेकून.

जावई म्हणाले की तेवढाच तुकडा कापून तुमच्या फोनवर देतो. हवं तर कोपरा मोठा करतो, म्हणजे फक्त आई दिसतील, ती दुसरी बाई जाईल.

"नको, तिला राहू द्या," मी म्हणालो. "नाहीतर ही कुणाचं झाकतेय ते कळायचं नाही."

संध्याकाळी ती दोघं गेली. उरलेला सिनेमा मी एकट्यानं बघितला. शेवटपर्यंत बायका मरत होत्या. मी प्रत्येकीच्या हाताकडे बघत बसलो. पुन्हा कुणाचा हलला नाही.